बीएसएफमध्ये पायलट व्हायचंय, त्यासाठी रान विकून सीपीएल करावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. चिकोडी तालुक्यातला मुलगा, वय २१, बेळगावात मेकॅनिकल इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. पीयूसी, म्हणजे बारावी, भौतिक-रसायन-गणित-जीवशास्त्र घेऊन झालेली. सीमेवर काम करणाऱ्या, कायदा राबवणाऱ्या दलात पायलट होऊन हेलिकॉप्टरमधून गस्त घालायची, त्यातही बीएसएफमध्येच, असं त्याने ठरवलंय. एका कन्सल्टन्सीवाल्याने सांगितलंय की आधी कमर्शिअल पायलट लायसन्स, म्हणजे सीपीएल काढ, मग बीएसएफची पायलट भरती निघाली की थेट आत. खर्च पन्नास-पंचावन्न लाख. घरचे दोन एकर उसाचं रान विकायला तयार आहेत. विचारतोय, करू का?

निदान या कारणासाठी तरी रान विकू नका. सीपीएल वाईट आहे असं नाही. पण ज्या खुर्चीसाठी तुम्ही ते काढणार, त्या खुर्चीकडे ती वाट जवळजवळ जातच नाही. का, ते जरा सविस्तर सांगतो, कारण नुसतं 'नको' म्हटलं तर कन्सल्टन्सीवाला उद्या नवीन काहीतरी सांगेल.

तुम्ही विचारताय की भरती कधी निघते. त्याआधी हे बघा की बीएसएफ त्या खुर्चीत कोणाला बसवतं. बीएसएफची स्थापना १९६५ ची, हवाई शाखा १९६९ ची. ही शाखा गृह मंत्रालयासाठी काम करते, म्हणजे बीएसएफबरोबर सीआरपीएफ आणि बाकीच्या केंद्रीय दलांनाही तीच हेलिकॉप्टरं पुरवते. ताफ्यात मुख्यतः हेलिकॉप्टरं: एमआय-१७, ध्रुव, चीता जातीची. विमानं मोजकी. आणि वैमानिक? बहुतेक जण हवाई दल, लष्कर किंवा नौदलातून प्रतिनियुक्तीवर आलेले, नाहीतर तिथून निवृत्त होऊन कंत्राटावर घेतलेले. कोऱ्या पाटीचा मुलगा घेऊन त्याला उडायला शिकवावं, अशी या शाखेची घडण नाही. तयार माणूस घ्यायचा आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला लावायचा, असा हिशोब आहे. कंत्राटाच्या जाहिराती निघतात तेव्हा अनुभवाची अट हजारांच्या घरातल्या तासांची असते, त्यात कमांडर म्हणून केलेले तास वेगळे मोजतात. सीपीएल हातात पडतं तेव्हा तुमच्याकडे असतात २०० तास.

आता त्याहून मोठी गोम. कन्सल्टन्सीवाला जे सीपीएल विकतोय ते विमानाचं आहे. हेलिकॉप्टरचं लायसन्स वेगळं, त्याचं प्रशिक्षण वेगळं, किमान तासांची अट वेगळी (१५०), आणि ते देणाऱ्या संस्था देशात बोटांवर मोजण्याइतक्या. बंगळूरला एचएएलची रोटरी विंग अकादमी आहे, ती त्यातली एक. विमानाचं सीपीएल घेऊन एमआय-१७ ला हात लावता येत नाही. म्हणजे पन्नास लाख खर्चून तुम्ही बीएसएफच्या ताफ्यातल्या मोजक्या विमानांसाठी, हजारो तासवाल्या निवृत्त वैमानिकांशी स्पर्धा करणार. हे त्या माणसाला माहीत नसेल तर त्याने सल्ले देऊ नयेत, आणि माहीत असेल तर अजिबातच देऊ नयेत.

तरी लायसन्सचा मुद्दा निकालात निघत नाही. बीएसएफची विमानं-हेलिकॉप्टरं व्हीटी नोंदणीची (भारतातल्या नागरी विमानांची नोंदणी) असतात, म्हणजे नागरी नियमांखाली, डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या चौकटीत. म्हणून लष्करातून आलेल्या वैमानिकालाही नागरी लायसन्स काढून घ्यावं लागतं. पण त्याने तास आधीच केलेले असतात, त्याला फक्त परीक्षा आणि कागदपत्रं पुरी करायची असतात. पैसा त्यात फारसा जात नाही. तुम्ही उलट्या टोकाने सुरुवात करायला निघालाय.

मार्गांकडे वळण्याआधी काम काय असतं ते सांगतो, कारण प्रश्नात 'हेलिकॉप्टरमधून सीमेवर गस्त' असं लिहिलंय. पाकिस्तान सीमेवर तारेच्या कुंपणावरून हेलिकॉप्टर रोज घिरट्या घालतंय असं नसतं, आणि ते मुद्दाम नसतं. ६ एप्रिल १९९१ रोजी भारत आणि पाकिस्तानमध्ये हवाई हद्दीबाबत करार झाला. त्यानुसार लढाऊ विमानं आणि सशस्त्र हेलिकॉप्टरं एकमेकांच्या हद्दीपासून १० किलोमीटर लांब राहतात. निःशस्त्र मालवाहू विमानं-हेलिकॉप्टरं १,००० मीटरपर्यंत जाऊ शकतात, त्याच्या आत जायचं तर रसद किंवा बचावाचं कारण आणि आगाऊ सूचना लागते. सीमा राखायचं रोजचं काम पायी, गाडीने, बोटीने, राजस्थानात उंटावरून चालतं. हेलिकॉप्टरचं काम असतं जवान पोचवणं, रसद, जखमींना काढणं, निवडणुकीची पथकं, वरिष्ठांचे दौरे. झारखंड-छत्तीसगडच्या जंगलात सीआरपीएफच्या जखमींना उचलण्याचं काम तर सीमेपासून शेकडो किलोमीटर आत, पण तेही याच शाखेकडे. थरार हवा असेल तर थरार आहे, फक्त तो गस्तीत नसून हेलिपॅडवर आहे.

हेलिपॅडवरचं गणित कसं असतं ते आपल्या बेळगावच्या सांबरा विमानतळावरूनच बघा. विमानतळाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे २,५०० फूट. प्रमाण वातावरणात समुद्रसपाटीला १५ अंश आणि दर हजार फुटांना २ अंश कमी, म्हणजे २,५०० फुटांवर १० अंश असायला हवेत. एप्रिलच्या दुपारी असतात समजा ३७. फरक २७ अंशांचा. दर अंशाला साधारण १२० फूट धरले तर ३,२४० फूट झाले. ते २,५०० मध्ये मिळवा: ५,७४०. म्हणजे सांबऱ्यात उभ्या असलेल्या हेलिकॉप्टरला त्या दुपारी हवा पावणेसहा हजार फुटांवरची मिळते. लेहला विमानतळच सुमारे १०,७०० फुटांवर आहे, तिथे उन्हाळ्यातल्या २५ अंशांना हाच हिशोब साडेचौदा हजारांच्या आसपास जातो. हवा विरळ झाली की पातं कमी उचल देतं आणि इंजिनही कमी ताकद देतं, दोन्ही एकदमच.

आता याचा परिणाम जवानांवर काय होतो बघा. आकडे समजण्यापुरते घेतो, कुठल्या एका जातीच्या हेलिकॉप्टरचे नाहीत. रिकामं वजन ३,४०० किलो, तिघांचा चमू २५५, इंधन ७००. झाले ४,३५५. सकाळी सातला हेलिकॉप्टरच्या क्षमतेचा तक्ता सांगतो की या उंचीवर, या तापमानाला एकूण ५,००० किलोपर्यंत उचलता येईल. उरले ६४५. सामानासकट जवान १०० किलो धरला तर सहा जण बसले. हेच उड्डाण काही कारणाने दुपारी एकला ढकललं गेलं, तक्त्यातला आकडा ४,८०० वर आला, उरले ४४५, जवान चार. दोघे हेलिपॅडवर राहिले. आणि ते दोघे सहा महिन्यांनी रजेवर निघालेले असतात, त्यांचं पुढचं रेल्वेचं तिकीट काढलेलं असतं. खाली उभा असलेला कंपनी कमांडर म्हणतो, 'साहेब, दोनच तर आहेत.' या नोकरीत 'नाही' म्हणणं हे उडण्याइतकंच मोठं कौशल्य आहे, आणि ते सिम्युलेटरमध्ये शिकवत नाहीत. इंधन कमी करून दोघांना बसवता येतं का, हा पुढचा प्रश्न. येतं कधीकधी, पण मग परतीच्या वाटेवर ढग आले तर वळसा घालायला काही उरत नाही.

वजन बरोबर असूनही अपघात होतात. त्यातला एक प्रकार समजून घ्या. अरुंद जागेत उतरताना वैमानिक वेग कमी करत जवळजवळ सरळ खाली येतो. पुढचा वेग फार कमी, खाली येण्याचा वेग मिनिटाला ३०० फुटांपेक्षा जास्त, आणि इंजिनाची ताकद लावलेली, अशी तिन्ही एकत्र आली की पातं स्वतःच खाली ढकललेल्या हवेत बुडतं. अशा वेळी हात आपोआप आणखी ताकद लावायला जातो, आणि त्याने घसरण वाढते. सुटका असते ती नाक खाली करून पुढचा वेग मिळवण्यात, पण त्यासाठी खाली उंची शिल्लक हवी. पाठवारा असताना हे जास्त होतं, कारण जमिनीच्या मानाने वेग ठीक वाटतो आणि हवेच्या मानाने तो शून्याकडे आलेला असतो. म्हणून चौकीवर वाऱ्याचा मोजा फाटलेला असेल तर ती किरकोळ बाब नसते. आधी धुराची नळी पेटवायला सांगायची, वारा बघायचा, मग खाली यायचं.

हवामान जागेप्रमाणे बदलतं. कच्छच्या रणात अडचण ढगांची नसते, पांढऱ्या सपाट मिठाची असते: उंचीचा अंदाजच येत नाही, आणि उतरताना पात्याने उडालेल्या धुळीत शेवटचे वीस फूट आंधळे होतात. पंजाब-जम्मूला डिसेंबर-जानेवारीत धुकं. त्रिपुरा-मिझोरामकडे सकाळी स्वच्छ असलेली दरी अकरा वाजेपर्यंत ढगांनी भरते. जुलैत चोर्ला घाटातून गोव्याला गेला असाल तर दृश्य ओळखीचं आहे, फरक एवढाच की गाडी बाजूला घेऊन थांबवता येते. हेलिकॉप्टरला दरीत शिरण्याआधीच ठरवावं लागतं, कारण आत गेल्यावर वळायला जागा असेलच असं नाही.

आणि दर वेळी कारण हवामानच असतं असंही नाही. २२ डिसेंबर २०१५ रोजी बीएसएफचं सुपर किंग एअर दिल्लीहून रांचीला निघालं होतं, तिथलं एमआय-१७ दुरुस्त करायला तंत्रज्ञ घेऊन. उड्डाणानंतर काही क्षणांतच द्वारकेजवळ कोसळलं, दहाही जण गेले. चौकशीत आलं ते असं: धुक्यात, पुरेशी उंची गाठण्याआधीच ऑटोपायलट लावला, पण दिशा धरून ठेवणारा हेडिंग मोड निवडला नाही. विमान डावीकडे कलत गेलं आणि ते वेळेत सुधारलं गेलं नाही. एक बटण. नव्या मुलांनी हा अहवाल वाचावा असं मला मनापासून वाटतं, कारण 'चेकलिस्ट तोंडपाठ आहे' म्हणणाऱ्याला त्याहून चांगलं उत्तर नाही.

एवढं सगळं वाचूनही मन तिथेच असेल तर आता वाटांकडे येऊ. तुमच्या बाबतीत सगळं दोन गोष्टींवर अवलंबून आहे, डोळे आणि वय. एनडीएची वेळ गेली, ती साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षांची.

पहिली वाट हवाई दलाची. एएफसीएटी ही हवाई दलाची प्रवेश परीक्षा वर्षातून दोनदा होते, फ्लाइंग ब्रांचसाठी कोर्स सुरू होताना वय २० ते २४. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्रात प्रत्येकी ५० टक्के आणि बीईला ६० टक्के लागतात. शेवटच्या वर्षाला असताना अर्ज चालतो, मात्र त्या वेळी एकही विषय मागे राहिलेला नको. तिसऱ्या सेमिस्टरचा एम-३ (गणिताचा पेपर) अजून लटकलेला असेल तर तो आधी काढा, बाकी सगळं नंतर. पेपर १०० प्रश्नांचा, बरोबर उत्तराला ३, चुकीला वजा १. तो अवघड नाही. गाळणी पुढे आहे. सिलेक्शन बोर्डांपैकी म्हैसूरचं आपल्याला त्यातल्या त्यात जवळ, तिथे चार-पाच दिवस मुलाखत आणि गटकाम, आणि फ्लाइंगवाल्यांसाठी कॉम्प्युटराइज्ड पायलट सिलेक्शन सिस्टीम ही चाचणी. ही आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालात तर फ्लाइंग ब्रांच कायमची बंद, ग्राउंड ड्युटीला अर्ज करता येतो. तिच्यासाठी क्लास लावून उपयोग नाही. हात, पाय आणि डोळे एकाच वेळी वेगवेगळी कामं करू शकतात का, एवढंच ती बघते. रात्रभर अभ्यास करून मात्र जाऊ नका, झोप झालेली असू द्या.

निवड झाली की हैदराबादजवळ दुंडीगलला प्रशिक्षण. पुढे फायटर, ट्रान्सपोर्ट की हेलिकॉप्टर हे तुमच्या कामगिरीवर आणि दलाच्या गरजेवर ठरतं. शॉर्ट सर्व्हिसचा फ्लाइंगचा करार १४ वर्षांचा. म्हणजे हेलिकॉप्टर मिळालं असं धरलं तर अडतिशी-चाळिशीत तुम्ही दोन-तीन हजार तासांचे वैमानिक म्हणून बाहेर पडता, आणि तेव्हा बीएसएफची कंत्राटाची जाहिरात खऱ्या अर्थाने तुमच्यासाठी असते. वाट लांब आहे, पण पैसे तुमचे लागत नाहीत, उलट मिळतात. आणि मधल्या चौदा वर्षांत तुम्ही सीमेवरच उडत असता, कारण लडाख आणि अरुणाचलातल्या उंच चौक्यांची रसद मोठ्या प्रमाणावर हवाई दल आणि लष्करच करतं.

लष्कराचंही सांगून ठेवतो. आर्मी एव्हिएशनमध्ये जाणारा आधी लष्करी अधिकारी होतो, मग वैमानिक. प्रशिक्षण शाळा नाशिकरोडला. चीतासारखी हलकी हेलिकॉप्टरं उंचावर चालवायची हौस असेल तर हे काम अव्वल आहे. मात्र अधिकारी झालो म्हणजे एव्हिएशन मिळालंच असं नाही, त्यामुळे पायदळात जायची तयारी नसेल तर या वाटेला जाऊ नये.

दुसरी वाट, आणि तुमचा प्रश्न वाचून मला हीच जास्त योग्य वाटते, ती तटरक्षक दलाची. तुम्हाला 'कायदा राबवणारं दल' आणि 'सीमा' दोन्ही हवंय, ते दोन्ही एकत्र आणि रोजच्या रोज मिळतं ते इथे. तटरक्षक दल संरक्षण मंत्रालयाखाली आहे, पण काम कायद्याचं: तस्करी, परक्या मासेमारी नौका, अमली पदार्थ, शिवाय शोध आणि बचाव. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत प्रादेशिक समुद्र आणि २०० मैलांपर्यंत विशेष आर्थिक क्षेत्र, एवढा पट्टा. १९९१ च्या करारामुळे जी गस्त जमिनीवरच्या सीमेवर होत नाही, ती समुद्रावर डॉर्निअर-२२८ विमानांनी नियमित होते.

त्या गस्तीत पायलट काय करतो? रडारवर ठिपका दिसतो. आधी तो एआयएसवर, म्हणजे जहाजाची ओळख आणि जागा आपोआप कळवणाऱ्या यंत्रणेवर, नाव-गाव सांगतोय का ते बघायचं. लहान मासेमारी नौकांवर एआयएस नसतं, म्हणून ते नाही एवढ्यावरून संशय घ्यायचा नाही. मग खाली यायचं, नौकेच्या मागच्या बाजूने, म्हणजे नाव आणि नोंदणी क्रमांक वाचता येतो. रंग बघायचा, कारण राज्यागणिक नौकांचे रंग ठरवून दिलेले आहेत. जाळी पाण्यात आहेत की नाही, माणसं किती, डेकवर पिंपं आहेत का. फोटो, अक्षांश-रेखांश, वेळ, आणि वेळ कुठल्या घड्याळाची तेही लिहायचं. पायलट कुणाला पकडत नाही. तो जहाजाला तिथे आणतो, आणि परक्या नौकांवर १९८१ च्या सागरी क्षेत्र कायद्याखाली चढून तपासणी करतात ते जहाजावरचे लोक. पण पुढे खटला उभा राहतो तो तुमच्या नोंदींवर. फोटोवर वेळ भारतीय आणि लॉगमध्ये यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), आणि दोन्हींत साडेपाच तासांचा फरक का हे कुठेच लिहिलेलं नाही, एवढ्यावर बचाव पक्षाचा वकील अर्धा दिवस काढू शकतो. ज्याला उडण्याची आवड आहे पण लिहिण्याचा कंटाळा आहे, त्याला हे काम जड जातं.

असिस्टंट कमांडंट, जनरल ड्युटी या पदासाठी वय २१ ते २५, बारावीला गणित-भौतिकशास्त्र, आणि पदवी. टक्केवारी आणि पायलटसाठी वेगळा अर्ज की आत गेल्यावर पर्याय, हे दर जाहिरातीत बदलत आलंय, म्हणून चालू जाहिरात शब्दन् शब्द वाचा. लेखी परीक्षा १०० प्रश्नांची, ४०० गुणांची. मग एक दिवसाचं प्राथमिक मंडळ, मग अंतिम मंडळ, मग वैद्यकीय. जागा कमी असतात, हे मान्य करूनच उतरा. आणि धोका इथेही आहेच: ५ जानेवारी २०२५ ला पोरबंदरला तटरक्षक दलाचं ध्रुव कोसळून तिघे गेले, त्यानंतर ध्रुवचा ताफा बराच काळ जमिनीवर राहिला.

वैद्यकीय तपासणीचा भाग खरं तर सर्वात आधी यायला हवा होता. आठवडाभरात तीन गोष्टी स्वतः करून घ्या, खर्च दोन-तीन हजारांच्या वर जाणार नाही. नेत्रतज्ज्ञाकडे बाहुली मोठी करून नंबर तपासा आणि इशिहाराच्या पाट्यांवर रंगदृष्टी तपासा. मायनसचा नंबर निघाला तर हवाई दलाची फ्लाइंग ब्रांच जवळपास बंद होते. नागरी लायसन्सला चष्मा चालतो, हा मोठा फरक आहे. लेसर करून घे म्हणणारे भेटतील. त्याला वयाची, मधल्या काळाची आणि डोळ्याच्या लांबीची अट असते. ऑपरेशन करून मग नियम वाचायचे, असा उलटा क्रम नको. दुसरं, भिंतीला टेकून मोजमाप: हवाई दलात फ्लाइंगसाठी उंची किमान १६२.५ सेंटिमीटर, पायांची लांबी ९९ ते १२०, मांडी जास्तीत जास्त ६४, बसून उंची ८१.५ ते ९६. उंची सहा फूट आणि मांडी ६५ म्हणून बाहेर पडलेले असतात, त्याला औषध नाही. तिसरं, कान-नाक-घसा. नाकाचं वाकडं हाड, कानाच्या पडद्याला छिद्र. आपल्याकडे लहानपणी विहिरीत पोहून कान फुटलेले बरेच असतात आणि ते कुणाच्या लक्षातही नसतं.

डोळे मायनस निघाले आणि तरी उडायचंच असेल, तर सीपीएलचा विचार करा, पण बीएसएफ डोक्यातून काढून आणि एअरलाइनचा बाजार बघून. क्रम असा ठेवा: आधी डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरकडे क्लास-२, मग क्लास-१ वैद्यकीय, ते हातात आल्यावर नेव्हिगेशन, हवामानशास्त्र आणि नियम हे तीन पेपर, प्रत्येकी ७० टक्के, आणि ते निघाल्यावर मगच फ्लाइंग स्कूलची फी. सांबऱ्याच्या विमानतळावरही उड्डाण प्रशिक्षण चालतं, घरून ये-जा जमेल. पण कुठल्याही शाळेत पूर्ण फी एकदम भरू नका, तासांच्या टप्प्यांनी भरा. विमानं किती आहेत यापेक्षा आज उडणारी किती आहेत आणि मागच्या महिन्यात एका विद्यार्थ्याला सरासरी किती तास मिळाले, हे तिथल्या मुलांना चहाच्या टपरीवर विचारा, ऑफिसात नको. पावसाळ्याचे तीन-चार महिने आपल्याकडे तास फारसे होत नाहीत, तेही हिशोबात धरा.

सांबऱ्यावरून आठवलं. तिथल्या हवाई दलाच्या केंद्रात एअरमन तयार होतात, वैमानिक नव्हेत. तिथली भरती बघून 'एकदा आत शिरलो की पायलट होईन' असं समजू नये. तसंच यूपीएससीची सीएपीएफ (केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांची) परीक्षा देऊन बीएसएफमध्ये असिस्टंट कमांडंट होता येतं, ती उत्तम नोकरी आहे, पण तिथून कॉकपिटमध्ये जायच्या आशेवर आयुष्य बेतू नये.

तुम्ही मेकॅनिकलचे आहात म्हणून आणखी एक. एमआय-१७ मध्ये दोन वैमानिकांबरोबर फ्लाइट इंजिनीअर बसतो. २०२५ मध्ये बीएसएफने आपल्याच लोकांतून फ्लाइट इंजिनीअर तयार केले, त्यात दलाची पहिली महिला फ्लाइट इंजिनीअरही आहे. बीएसएफच्या हवाई शाखेत असिस्टंट एअरक्राफ्ट मेकॅनिकच्या जागा अधूनमधून निघतात, त्या थेट भरतीच्या असतात. पायलट नाही, पण सीमेवरच्या हेलिकॉप्टरजवळ पोचायची सर्वात सरळ वाट तीच. ड्रोनचंही आहे: रिमोट पायलट प्रमाणपत्राला वय १८ आणि दहावी पुरते, कोर्स आठवड्याभराचा. पंजाब सीमेवर आज आकाशातलं खरं काम ड्रोन पकडण्याचंच आहे. पण नुसत्या प्रमाणपत्रावर बीएसएफ घेत नाही, दलात असलेल्या माणसाला त्याचा उपयोग. सरावासाठी ड्रोन घेतलात तर मुतगा, बाळेकुंद्री, सांबरा या बाजूला उडवू नका. विमानतळाच्या भिंतीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात विनापरवानगी मर्यादा २०० फुटांची आहे, त्याच्या आत परवानगीशिवाय नाहीच. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-पोर्टलचा नकाशा बघून घ्या.

राहिली कागदपत्रं, आणि आपल्या भागातली मुलं इथेच अडकतात. अधिकारी भरतीला राज्याच्या कोट्याचा प्रश्न नसतो, त्यामुळे कर्नाटकचे रहिवासी असून मराठी शाळेत शिकलो म्हणून काही अडत नाही. कॉन्स्टेबल भरतीत सीमावर्ती जिल्ह्यांना वेगळ्या जागा असतात, पण त्या आंतरराष्ट्रीय सीमेच्या. आपला सीमाभाग त्यात येत नाही, दरवर्षी कुणीतरी तो रकाना भरून बसतं. मराठा असाल तर कर्नाटकात ३-बी या मागास प्रवर्गात आहात, पण राज्याचा प्रवर्ग केंद्राच्या भरतीत आपोआप चालत नाही. केंद्राच्या यादीत आपल्या जातीची नोंद आहे का ते बघा, असेल तर केंद्राच्या नमुन्यातलाच दाखला तहसीलदाराकडून घ्या, नसेल तर खुल्यातून भरा.

नावाचं तर विचारूच नका. एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, मार्क्स कार्डावर आडनावाचं नुसतं आद्याक्षर, पीयूसीला पूर्ण नाव, आधारवर वडिलांचं नाव मध्ये, आणि जन्मगाव कुठे बेळगाव तर कुठे बेळगावी, कारण शहराचं नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं. भरती असो की डीजीसीएचा कॉम्प्युटर नंबर, दहावीचं कार्ड प्रमाण धरतात. आधार आणि पॅन दहावीप्रमाणे करून घ्या. दहावीतच चूक असेल तर बोर्डाकडून दुरुस्ती करायला काही महिने जातात, म्हणून हे काम सातव्या सेमिस्टरची वाट न बघता या सुट्टीतच सुरू करा. आणि डोळ्यांचा रिपोर्ट आला की नंबर इथेच लिहा, त्यावरून दोन वाटांपैकी कुठली उरते ते लगेच सांगता येईल.